करंजीच्या रस्त्यावरचा चढ

तिसगावातून करंजीकडे निघाले की गाव मागे पडल्यावर पूर्वी एक चढ लागायचा. मोटारीला तो कळतही नसे. सायकलवाल्याला मात्र पोटऱ्यांत कळायचा. अलीकडे त्या रस्त्याने जाण्याचा प्रसंग आला तेव्हा तो चढ सापडला नाही. रस्ता रुंद झाला आहे, भराव टाकून सपाट केला आहे, कडेची झाडे गेली आहेत. गाडी चालवणाऱ्या मुलाला दोनदा थांबायला सांगितले. दोन्ही वेळा जागा चुकली.

"काका, नेमकं काय बघायचंय?" त्याने विचारले.

चढ बघायचा आहे, असे सांगणे बरे दिसले नसते. इथे एक विहीर होती, असे सांगितले. त्याने विहीर शोधण्यासाठी इकडे तिकडे पाहिले आणि गाडी पुढे घेतली.

बहात्तरच्या दुष्काळात या रस्त्याच्या कडेला खडी फोडण्याचे केंद्र होते आणि मी तिथे हजेरी घेत असे. वय एकोणीस. शिक्षण मॅट्रिक पुरत होते. दुसरी अट अशी होती की उमेदवाराकडे स्वतःची चालू सायकल असावी. माझ्याकडे दोन केंद्रे होती. तिसगावच्या एका अंगाला नालाबांध, दुसऱ्या अंगाला खडी. दोन्हीकडे सकाळी एक आणि दुपारी एक हजेरी. देखरेखीला असलेले ओव्हरसियर, ज्यांना सगळे नुसते साहेब म्हणत, जीपमधून उतरले की आधी सायकल दाखवा म्हणायचे, मग मस्टर मागायचे. माझ्या आधीच्या हजेरीवाल्याची सायकल भाड्याची निघाली होती. मडगार्डवर रंगाने घातलेला दुकानाचा नंबर त्याने शेण लावून झाकला होता. साहेबांनी ते काडीने खरवडले आणि त्याला त्याच दिवशी घरी पाठवले.

माझी सायकल माझी होती. राहुरीच्या एका निवृत्त शिक्षकांनी वापरलेली, बावीस इंची, काळी. नळ्यांवर सोनेरी रेघ होती. दांडीवरची तेवढी पुसलेली, कारण गुरुजींचे नातू वर्षानुवर्षे तिथे बसत आले होते. लोखंड जुने आणि चांगले. दांडीवर नखाने टिचकी मारली तर एक बारीक स्वच्छ आवाज यायचा आणि जरा वेळ टिकायचा. चामड्याच्या सीटला एरंडेलाचा वास होता. गुरुजी तिला दिवाळीच्या आदल्या दिवशी एरंडेल चोळत आणि तसे चोळत जा, असे त्यांनी दोनदा बजावले होते.

राहुरीहून नगर आणि नगरहून तिसगाव अशी ती मी एका दिवसात चालवत आणली. राहुरीच्या बाजूला अजून थोडा ऊस उभा होता, मळीचा आंबूस वास नगरच्या अलीकडे कुठेतरी मागे सुटला. करंजीचा घाट उतरताना ब्रेकच्या रबरांचा जळका वास नाकात गेला तो रात्रीपर्यंत राहिला. घाटाखाली जमीन एकदम उघडी पडली. दूरवर काही हलत नव्हते. पायडल थांबवले की फ्रीव्हीलची टिकटिक सुरू व्हायची आणि ती सुरू झाली की मला चैन पडत नसे. मी पुन्हा पायडल मारायचो. उतारालाही मारायचो. गरज नसताना.

त्या वर्षी स्वस्थ बसणे कोणाला जमत होते, असे आठवत नाही. शेतात काम नव्हते म्हणून हात मोकळे नव्हते, ते हातोडीला लागले होते. खडीच्या केंद्रावर शेदोनशे हातोड्या एकाच वेळी चालत आणि कोणत्याही दोन हातोड्यांचा ठेका जुळत नसे. दगड फुटला की गारगोटी घासल्यासारखा जळका वास येई. दुपारी फडकी सुटत. मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या, लालसर भाकरीला ओलसर पोत्याचा वास असायचा. त्याच्या जोडीला लसणाची चटणी. सुकडी वाटली जाई त्या दिवशी तेवढा गुळाचा वास. संध्याकाळी मी खोलीवर येऊन सायकल पुसायचो, चेनला तेल द्यायचो, आणि पुसून झालेली सायकल घेऊन पुन्हा बाहेर पडायचो. पाथर्डीच्या रस्त्याने निघायचे, ठरवलेल्या झाडापाशी पोचायचे, परत फिरायचे. तिथे काही नव्हते. घरी बसवत नव्हते, एवढेच.

अशा एका बाजाराच्या दिवशी तिसगावात उस्ताद आले.

सात दिवस सात रात्री सायकलीवरून न उतरता फिरण्याचा खेळ तेव्हा गावोगाव चाले. आता तो पाहिलेला माणूस भेटला तर नशीब. बाजारतळावर चुन्याच्या फक्कीने गोल रिंगण आखले जाई. भोवती बांबू रोवून दोरी, तिच्यावर रंगीत कागदाच्या पताका, मधे कर्णा, बॅटरीवर चालणारा. खेळाडू एकदा सायकलीवर बसला की जेवण, अंघोळ, दाढी, सगळे फिरता फिरता. एका कडेला गोणपाटाचा आडोसा असे आणि त्यातून सायकल किती वेळाने बाहेर येते, यावर बायका पदर तोंडाला लावून हसत. झोप म्हणजे हँडलवर कोपर टेकून घेतलेली डुलकी. नियम एकच. पाय जमिनीला लागता कामा नये. सातव्या दिवशी गावातर्फे फेटा आणि मारुतीच्या देवळापर्यंत मिरवणूक.

उस्ताद बीडच्या बाजूचे. नाव माणिक, पण त्या नावाने त्यांना फक्त त्यांची बायको कमल हाक मारी, तीही माइक बंद असताना. चाळिशी ओलांडलेली, अंग वाळलेले, पोटऱ्या मात्र दगडासारख्या. कमल माइकवर दिवस सांगे. "बंधू-भगिनींनो, आज दुसरा दिवस. पाय जमिनीला लागलेला नाही." मग माइक खाली ठेवून, भाकरीत पिठले घालून तिची सुरळी करी आणि सायकलीबरोबर अर्धे रिंगण पळत जाऊन त्यांच्या हातात देई. पळताना तिच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज कर्ण्यातल्या गाण्यातूनही ऐकू यायचा.

खडीवरच्या बायका काम सुटल्यावर अंगावरच्या पांढऱ्या धुळीसकट थेट बाजारतळावर येत. त्यांच्यात सोनाबाई नावाची एक होती, तिची जीभ केंद्रावर प्रसिद्ध होती.

"हजेरीवाले," ती मला म्हणाली, "तुमाला बी रिंगनात सोडाय पायजे. हिकडं पळता, तिकडं पळता, पोचत तर कुटंच न्हाई."

"मस्टर कोन लिवंल मग?" दुसरीने विचारले.

"फिरता फिरता लिवत्याल. जेवन हुतंय तर लिवनं हुईना व्हय?"

मी रोज जात होतो. उभा राहून पाहणे जमत नसे, रिंगणाच्या बाहेरून चालत राहायचो. कमलने ते हेरले. एकदा पाणी भरताना तिने आपणहून सांगितले, "जामखेडाला सहाव्या दिसी उतरले. ताप हुता. त्याच्या आदी केजला बी उतरले. आता म्या ठरवलंय, हितं सात दिस झाले तर ठीक. अंगानं पुन्हा न्हाई म्हनलं तर खेळ बंद. कुटं तरी रस्त्यावर पडून मरायचे न्हाईत मला."

"त्यांना कबूल आहे?"

"सायकलीवर बसलेला मानूस काय बी कबूल करतो," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी उस्तादांच्या सायकलीचा आवाज बदलला. दर पायडलला बारीक कुरकुर. सायकल दुरुस्तीवाले लतीफभाई शेजारून चालत गेले, एक फेरी वाकून ऐकले, दुसरी फेरी पुढच्या चाकाकडे पाहिले. चाक ज्या दुबेळक्यात बसते त्या चिमट्याला चीर गेली होती.

"उस्ताद, नगरला नेऊन झाळायला पायजे. आज चालंल. उद्याची ग्वाही म्या देत न्हाई."

"म्या खाली कसा येनार, लतीफभाई?"

"ते म्या कसं सांगू. दुसरी सायकल पायजे. माज्या भाड्याच्या सगळ्या पोरासोरांच्या, तुमचं गुडघं हँडलाला लागत्याल."

गावात बावीस इंची धड सायकली तीन-चार. एक कुलपात, एक पाथर्डीला, एकीच्या तारा तुटलेल्या. आणि एक माझी, तिथेच, माझ्या हातात. ती का दिली, याचे कारण सांगता येत नाही. कोणी मागितली नव्हती. मी रिंगणाची दोरी वर करून आत गेलो, एवढे आठवते.

बदल चालत्या सायकलींवर करायचा होता. मी उस्तादांच्या डाव्या बाजूने, आतून, त्यांच्या वेगाने फिरू लागलो. त्यांनी एक हात माझ्या हँडलवर ठेवला. "मागं सरका. कॅरियरवर. घाई न्हाई," ते म्हणाले. मी सीटवरून कॅरियरवर सरकलो. त्यांनी पाय टाकला, क्षणभर दोन्ही सायकली त्यांच्याच होत्या, मग ते माझ्या सीटवर आले आणि त्यांची सायकल लतीफभाईंनी पळत झेलली. मी मागच्या मागे उडी मारली आणि दोन पावले पळून उभा राहिलो. माणसे ओरडली नाहीत. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, त्याचा आवाज झाला. लतीफभाई चिमटा पिशवीत घालून संध्याकाळच्या एस.टी.ने नगरला गेले. परवा परत येतो म्हणाले.

मग माझ्याकडे सायकल नव्हती. पहाटे उठून नालाबांधावर चालत, तिथून तिसगाव ओलांडून खडीवर चालत, पुन्हा तसेच. पाय दुखायचे, त्याचे काही नव्हते. चैन नव्हते ते हातांना. त्यांना धरायला काही नसायचे. जाता-येता बाजारतळ लागायचा आणि तिथे माझी सायकल फिरत असायची. डावीकडे, सतत डावीकडे. तिच्या फ्रीव्हीलची टिकटिक मला गर्दीतून ओळखू येई. आपली वस्तू आपल्याशिवाय चाललेली पाहताना आनंद होतो की मत्सर, ते तेव्हा ठरले नाही. आजही ठरवता येत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी नालाबांधाची हजेरी उरकून तिसगावात शिरलो, तेव्हा खडीच्या ट्रकचा ड्रायव्हर स्टँडवर चहा पीत होता.

"आरं, तू हितं काय करतोस? साहेब पाथर्डीत जेवाय बसलेत. जेवन झालं की तुज्याच केंद्रावर. चल, बस मागं."

ट्रकमध्ये बसून मी वेळेवर पोचलो असतो. सायकलीशिवाय.

बाजारतळावर उन्हामुळे कोणी नव्हते. दोन म्हातारे लिंबाच्या सावलीत, कमल माइकपाशी, लतीफभाई अजून परतलेले नाहीत. उस्तादांचे ओठ फुटले होते. डोळे लाल. मी त्यांच्याबरोबर रिंगणात चालत सगळे सांगितले. तीन फेऱ्या झाल्या. ते चौथ्या फेरीत बोलले.

"सायकल तुमची. पर म्या उतरत न्हाई. मागं बसा, सोडतो."

"रिंगणाच्या भाईर?" कमल उठली. "कामून? चालत न्हाई तसं."

"नेम काय हाय? पाय टेकायचा न्हाई. रिंगन सोडायचं न्हाई, असं कुनी म्हनलंय?"

तिने म्हाताऱ्यांकडे पाहिले. एक म्हातारा विचार करून म्हणाला, "नेमात बसतंय." दुसरा म्हणाला, "पर जाऊन लगी यावा."

कमलने तांब्याभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतले आणि दोरी वर धरली. आम्ही तिच्याखालून बाहेर पडलो.

सरळ रस्त्यावर आल्यावर सायकल डावीकडे ओढू लागली. दोनदा आम्ही कडेच्या मुरुमात गेलो. उस्ताद हसले. "पाच दिस वळवळ. सरळ जायाचं इसरलंय अंग." वारा समोरून होता. रिंगणात वारा सारखा फिरतो, एकदा तोंडावर, एकदा पाठीवर. इथे तो एकाच बाजूने लागत होता आणि त्यांनी शर्टाची वरची गुंडी काढली. त्यांच्या पाठीला घामाचा, चुन्याचा आणि एरंडेलाचा वास येत होता. त्यापैकी एक वास माझा होता. "नगरपातुर जावं असं वाटतंय," ते म्हणाले. मीही तेच म्हणणार होतो.

मग तो चढ आला.

डबलसीटचा एक रिवाज होता. कोणी शिकवत नसे, सगळ्यांना माहीत असे. चढ आला की मागचा उतरतो. पुढच्याने सांगायचे नसते. सांगावे लागले तर मागच्याची लाज जाते. मागच्याने वेग मोडायच्या आधी उडी मारायची, सायकलीमागे पळायचे, कॅरियरला हात लावून थोडे ढकलायचे आणि माथ्यावर पुन्हा बसायचे. हा रिवाज पाळला नाही असा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मी मागे पाहत होतो. तिसगावच्या बाजूला धूळ उठली होती आणि ती जीपची आहे की मेंढरांची, ते कळत नव्हते. उतरलो तर वेळ जाईल. अजून थोडे, असे वाटले. पायडल जड झाले ते मला कॅरियरमधून कळले. प्रत्येक पायडलला दांडी बारीक वाजत होती. उस्ताद सीटवरून उठून उभ्याने पायडल मारू लागले. हँडल डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मी पुन्हा मागे पाहिले.

सायकल थांबली. डावा पाय खाली आला.

पायात कॅनव्हासचा बूट होता, पुढून कापलेला, कारण बोटे सुजली होती. त्यांनी त्या पायाकडे पाहिले. मीही पाहिले. मी उतरलो तो तेव्हा.

"टेकला," ते म्हणाले.

मी काहीतरी म्हणालो असेन. त्यांनी दुसरा पायही खाली घेतला, सायकल माझ्याकडे वळवली आणि हँडल हातात दिले. "घ्या. साहेब येत्याल."

मी ते घेतले. बसलो आणि निघालो. मोकळी सायकल तो चढ चार-सहा पायडलांत चढून गेली. माथ्यावरून पाहिले तेव्हा ते तिथेच उभे होते, बुटाचा तळ डांबरावर पुढेमागे घासत.

धूळ मेंढरांची होती. जीप त्यानंतर बऱ्याच वेळाने आली. साहेबांनी मस्टर पाहिले, चालू हजेरीशी ताडून पाहिले, मग सायकलीकडे गेले आणि अंगठ्याने पुढचे चाक दाबले.

"हवा कमी आहे," ते म्हणाले. "आणि टायर एकाच बाजूला झिजलाय. कशी चालवतोस?"

सोनाबाईने हातोडी थांबवून माझ्याकडे पाहिले. मी भरतो म्हणालो. जीप गेली.

दिवस कलताना परत आलो. बाजारतळावर कर्णा बंद होता. लतीफभाई झाळलेला चिमटा मांडीवर घेऊन बसले होते, दुपारच्या एस.टी.ने ते परतले होते. झालेले त्यांनी सांगितले. उस्ताद रस्त्याच्या कडेने चालत आले, रिंगणात शिरले, कमलच्या हातातला माइक घेतला आणि स्वतःच सांगितले की पाचव्या दिवशी पाय टेकला, गावाने माफ करावे. लोक जमले, विचारू लागले. कोणी म्हणाले, करंजीला जाऊन झोपून आला. कोणी म्हणाले, ताडी प्याला. ते एवढेच म्हणाले की चढ होता.

"तुमी हुतात ना मागं?" लतीफभाईंनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता चिमटा पुसायला लागले.

कमल पताका उतरवत होती. दोरी कोपराभोवती गुंडाळत, कागद फाटू न देता. उस्ताद कर्ण्याच्या पेटीशेजारी गोणपाटावर आडवे होते. झोपले असतील असे वाटले होते. डोळे उघडे होते.

"हजेरीवाले," ती म्हणाली, "ह्ये म्हनत्यात, चढाला तुमी उतरला हुता. मोकळी सायकल बी ह्यास्नी चढली न्हाई म्हनत्यात. खरं का?"

उस्तादांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात विनंती होती की सूट, हे मी पुढे पुष्कळ वर्षे ठरवायचा प्रयत्न केला.

"हो," मी म्हणालो. "उतरलो होतो."

तिने दोरीचे टोक गाठ मारून अडकवले.

"मग झालं," ती म्हणाली. "मोकळी सायकल जड गेली म्हंजी अंगच गेलं. आता घरी चला. लतीफभाई, तो चिमटा बसवू नका. सायकल तुमीच ठिवा, इकून टाका."

लतीफभाई उस्तादांकडे पाहू लागले. उस्तादांनी पाय पोटाशी घेतले आणि कूस बदलली.

मी माझी सायकल घेतली आणि खोलीवर आलो. त्या संध्याकाळी ती पुसली नाही. दुसऱ्या दिवशी नालाबांधाची हजेरी सातला होती. मी वेळेवर पोचलो.